पाणी एच-टू-ओ आहे, हे ठरायला पन्नास वर्षं का लागली?

गेल्या वर्षी प्रथम वर्ष बीएस्सीचे काही तास माझ्याकडे आले. माझं पीएचडीचं काम विज्ञानशिक्षणाच्या इतिहासावर चालू आहे, पण मूळ पदवी रसायनशास्त्राची. त्यामुळे 'अणू, रेणू, मूलद्रव्य, संयुग' हा अगदी पहिला धडा मी घ्यावा असं ठरलं. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. फळ्यावर चार व्याख्या लिहिल्या. एकाच प्रकारच्या अणूंचं बनलेलं ते मूलद्रव्य. अणू एकमेकांना जोडले गेले की रेणू. वेगवेगळ्या मूलद्रव्यांचे अणू ठरावीक प्रमाणात जोडले गेले की संयुग. उदाहरण पाण्याचं, एच-टू-ओ.

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, हायड्रोजनचे दोनच अणू आहेत हे कसं कळलं?"

मी पाण्याच्या विद्युत अपघटनाचा प्रयोग सांगितला. एका नळीत जमलेला हायड्रोजन दुसऱ्या नळीतल्या ऑक्सिजनच्या दुप्पट भरतो, म्हणून दोनास एक.

"पण त्याने जागा दुप्पट व्यापली एवढंच दिसलं ना? अणू दुप्पट आहेत हे कशावरून? हायड्रोजनचे कण जास्त जागा घेत असतील."

मी म्हटलं, ॲव्होगाड्रोचा नियम. समान तापमान, समान दाब, समान आकारमान, तर रेणूंची संख्या समान.

"आणि तो नियम कशावरून?"

तेवढ्यात बेल झाली म्हणून मी वाचले. एमएस्सी झालं, नेट झाली, पीएचडीची दोन वर्षं झाली, आणि पहिल्या धड्यातल्या पहिल्या उदाहरणामागचं 'कशावरून' मला सांगता आलं नव्हतं. घरी येऊन पुस्तकं काढून बसले. त्या वाचनातून जे सापडलं ते आज सांगते. ही गोष्ट रसायनशास्त्राची आहेच, पण संशोधनाच्या तयारीत असलेल्या कुणालाही ती उपयोगी पडेल. विषय कोणताही असो, 'हे मोजलं की मानलं?' हा प्रश्न आपल्या सगळ्यांपुढे असतोच.

मूलद्रव्य: सध्यापुरतं दिलेलं नाव

आपल्या पुस्तकात धडा अणूपासून सुरू होतो. इतिहासात तो अणूपासून सुरू झाला नाही. १७८९ साली पॅरिसमध्ये लॅव्हाझिएने रसायनशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहिलं, तेव्हा त्याने अणूंची चर्चा जाणूनबुजून बाजूला ठेवली. त्याची मूलद्रव्याची कल्पना अगदी व्यवहारी होती. एखाद्या पदार्थाचं पृथक्करण करत जायचं. ज्याच्यापुढे आपल्याला जाता येत नाही, त्याला तूर्त मूलद्रव्य म्हणायचं. 'तूर्त' हा शब्द महत्त्वाचा. त्याच्या यादीत ३३ नावं होती. ऑक्सिजन, हायड्रोजन, गंधक, लोखंड होतं, तसंच प्रकाश आणि उष्णताही होती, आणि चुनाही होता. चुन्यासारख्या 'माती'वर्गातल्या पदार्थांबद्दल त्याला स्वतःलाच शंका होती की हे पुढे संयुग निघतील. तसंच झालं. १८०८ साली लंडनमध्ये हंफ्री डेव्हीने विजेच्या साहाय्याने चुन्यातून कॅल्शियम वेगळं काढलं, आणि चुना मूलद्रव्यांच्या यादीतून बाहेर गेला.

म्हणजे मूलद्रव्य आणि संयुग यांतला फरक सांगायला अणू लागतोच असं नाही. तराजू, भट्टी आणि चिकाटी एवढ्यावर तो सांगता येतो. संयुगात घटकांचं वजनी प्रमाण ठरलेलं असतं, हेही फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ प्रूस्त तराजूच्याच आधारे मांडत होता. पाणी कुठूनही आणा, वजनाने हायड्रोजन १ भाग असेल तर ऑक्सिजन ८ भाग. हा आकडा मोजलेला आहे. याबद्दल भांडण नाही.

भांडण सुरू झालं ते या ८ चा अर्थ लावताना.

डाल्टन: वजन मोजलं, संख्या मानली

जॉन डाल्टन हा मँचेस्टरमधला शिक्षक. विणकराचा मुलगा, क्वेकर पंथाचा, शिकवण्यांवर पोट भरणारा. हवामानाची नोंद तो रोज करायचा, आणि हे व्रत त्याने मरेपर्यंत पन्नासहून अधिक वर्षं पाळलं. हवेचा विचार करता करताच तो वायूंच्या कणांकडे वळला. २१ ऑक्टोबर १८०३ रोजी मँचेस्टरच्या साहित्य आणि तत्त्वज्ञान मंडळात त्याने निबंध वाचला. त्याच्याशी जोडलेल्या कोष्टकात कणांची सापेक्ष वजनं होती. १८०८ साली त्याच्या ग्रंथाचा पहिला भाग आला आणि अणुसिद्धान्त नीट मांडला गेला. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू एकसारखे, दुसऱ्याच्या अणूंपेक्षा वजनाने वेगळे, आणि संयुग म्हणजे अणूंची ठरावीक जुळणी.

कल्पना मोठी, पण एक अडचण होती. ती समजायला रसायनशास्त्र नको. दिवाळीच्या फराळाचे डबे डोळ्यांपुढे आणा.

समजा, एका महिला मंडळाने फराळाचे शेकडो डबे भरले. प्रत्येक डब्यात लाडू आणि चकल्या, आणि सगळे डबे अगदी एकसारखे. तुम्हाला डबा उघडून मोजायची परवानगी नाही. एवढंच कळलं की सगळ्या डब्यांतले लाडू मिळून ८ किलो आणि चकल्या मिळून १ किलो. आता सांगा, एक लाडू एका चकलीच्या किती पट जड?

सांगता येणार नाही. डब्यात एक लाडू आणि एक चकली असेल तर लाडू ८ पट. एक लाडू आणि दोन चकल्या असतील तर १६ पट. दोन लाडू आणि एक चकली असेल तर ४ पट. डब्यातली संख्या कळली तर एकेकाचं वजन कळेल, आणि एकेकाचं वजन कळलं तर संख्या कळेल. एकातून दुसरं, दुसऱ्यातून पहिलं.

डाल्टन नेमका इथे अडकला होता. त्याने यातून बाहेर पडायला एक नियम केला, साधेपणाचा. दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल, आणि उलट मानायला काही कारण नसेल, तर त्यात एकास एक अणू आहे असं धरायचं. १८०८ साली हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं एकच संयुग माहीत होतं, ते म्हणजे पाणी. (हायड्रोजन पेरॉक्साइड थेनार्डला सापडला तो १८१८ मध्ये.) म्हणून पाणी एच-ओ. अमोनियाचंही तसंच, एकास एक. आणि मग ऑक्सिजनचं वजन हायड्रोजनच्या ८ पट. डाल्टनच्या हाती त्या वेळची मोजमापं ढोबळ होती, त्यामुळे त्याच्या कोष्टकात हा आकडा आधी साडेपाच, मग १८०८ मध्ये ७ असा आहे. पण तो दोष तराजूचा, पुढे सुधारणारा. 'एकास एक' हा आकडा मात्र कोणत्याही तराजूवरून आलेला नव्हता.

इथे डाल्टनला हसू नका. त्याने नियम उघडपणे लिहून ठेवला, आपण काय मानतो आहोत ते लपवलं नाही. गोंधळ झाला तो नंतर. कोष्टकं छापली जाऊ लागली, आकडे शेजारीशेजारी बसले, आणि त्यातला कोणता मोजलेला आणि कोणता मानलेला हे वाचणाऱ्याला दिसेनासं झालं.

वायूंनी दिलेली खूण, आणि तिचं काय झालं

१८०८ च्या शेवटच्या दिवशी पॅरिसमध्ये गे-ल्युसॅकने एक शोधनिबंध वाचला. वायूंची क्रिया होताना त्यांची आकारमानं लहान पूर्णांकांच्या प्रमाणात असतात. दोन माप हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन मिळून दोन माप वाफ. एक माप नायट्रोजन आणि एक माप ऑक्सिजन मिळून दोन माप नायट्रिक ऑक्साइड.

हे वाचून वाटेल, चला, सुटलं! समान मापात समान कण असतात असं धरलं की डब्यातली संख्या कळली. पण जरा थांबा. एक माप ऑक्सिजनमध्ये समजा हजार कण आहेत. वाफेच्या दोन मापांत दोन हजार कण झाले. वाफेच्या प्रत्येक कणात थोडा तरी ऑक्सिजन हवा. म्हणजे हजार ऑक्सिजनच्या कणांतून दोन हजार वाटे काढायचे, प्रत्येक कणाचे दोन तुकडे करायचे. आणि डाल्टनचा अणू तर अविभाज्य! डाल्टनने सरळ निष्कर्ष काढला: समान मापात समान कण ही कल्पनाच चूक. त्याने गे-ल्युसॅकच्या मोजमापांवरही शंका घेतली. त्याच्या बाजूने पाहिलं तर हा निष्कर्ष तर्काला धरूनच होता.

१८११ मध्ये इटलीतल्या व्हर्चेली गावी शिकवणाऱ्या ॲमेडिओ ॲव्होगाड्रोने तिसरी वाट दाखवली. हा मूळचा कायद्याचा पदवीधर. त्याचं म्हणणं असं: समान मापात समान कण हे खरं, अणू अविभाज्य हेही खरं. चूक एवढीच की ऑक्सिजन वायूचा सुटा कण म्हणजे अणू नव्हे. तो कणच जोड आहे. क्रियेत तो जोड सुटतो आणि अर्धा अर्धा वाटला जातो. या हिशेबाने पाण्यात हायड्रोजन दोन, ऑक्सिजन एक. ऑक्सिजनचं वजन त्याने हायड्रोजनच्या सुमारे १५ पट काढलं, आजच्या १६ च्या जवळ.

उत्तर १८११ मध्ये छापून आलं होतं. मग पुढची जवळजवळ पन्नास वर्षं काय झालं?

एक कारण शब्दांचं. ॲव्होगाड्रो 'अणू' हा शब्द वापरतच नाही. तो सगळ्यालाच 'मॉलेक्यूल' म्हणतो आणि आधी विशेषणं लावतो. कधी अख्खा कण, कधी घटक कण, कधी मूलकण. वाचणाऱ्याला कोणता कुठला हे पुन्हा पुन्हा मागे जाऊन पाहावं लागतं. हा त्रास आपल्याला नवा नाही. हिंदी माध्यमात शिकलेला माझा एक मित्र 'पाण्याचा अणू' म्हणायचा आणि मी त्याला चूक काढून दाखवायचे. पुढे कळलं की त्याचं बरोबरच होतं. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलेक्यूल म्हणजे अणु. मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलेक्यूल म्हणजे रेणू. एकच शब्द, दोन शेजारी भाषा, दोन वेगळ्या वस्तू. आमचा वाद दोन मिनिटांत मिटला, कारण दोन वस्तू आहेत हे आम्हा दोघांना आधीच माहीत होतं. १८११ साली दोन वस्तू आहेत हेच बहुतेकांना मान्य नव्हतं.

दुसरं कारण त्या काळच्या मोठ्या सिद्धान्ताचं. स्वीडनचा बर्झेलियस हा तेव्हाचा सर्वात वजनदार रसायनशास्त्रज्ञ. मूलद्रव्यांना अक्षरांच्या संज्ञा देण्याची जी पद्धत आपण आज वापरतो, ती त्याचीच. त्याच्या मते अणू एकमेकांना धरून राहतात ते विरुद्ध विद्युत्प्रभारामुळे. मग ऑक्सिजनचे दोन सारखे अणू एकमेकांना धरतील कसे? ते तर एकमेकांना दूर ढकलतील.

तिसरं कारण प्रयोगांचं, आणि हे सगळ्यात खरं. १८२६ पासून फ्रान्सच्या ड्युमाने अनेक पदार्थांच्या वाफांची घनता मोजायला सुरुवात केली. हायड्रोजन, ऑक्सिजनप्रमाणे सगळ्याच मूलद्रव्यांचे कण जोड असणार असं धरून त्याने अणुभार काढले. पाऱ्याचा अणुभार इतर मार्गांनी येणाऱ्या आकड्याच्या निम्मा आला. फॉस्फरसचा दुप्पट. गंधकाचा तिप्पट. ड्युमा वैतागला. १८३६ च्या व्याख्यानांत तो म्हणाला की माझ्या हाती असतं तर 'अणू' हा शब्दच मी विज्ञानातून पुसला असता.

मग अनेकांनी सोपा रस्ता धरला. अणूंची संख्या कशाला काढायची? किती वजनाशी किती वजन जुळतं तेवढं लिहा. यालाच आपण इक्विव्हॅलंट वेट म्हणतो. हायड्रोजन १, ऑक्सिजन ८, कार्बन ६, पाणी एच-ओ. कुणी हे आकडे वापरायचं, कुणी बर्झेलियसचे, कुणी त्यांची मिसळ करायचं. १८६१ च्या पाठ्यपुस्तकात केकुलेने ॲसिटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची, तेव्हा प्रचारात असलेली सूत्रं एकत्र छापली. ती १९ भरली! पदार्थ एक, पृथक्करण एकसारखं, सूत्रं १९. आता तुम्हीच विचार करा, त्या वर्षी रसायनशास्त्र शिकायला आलेल्या मुलाने काय करायचं?

जेनोआतला वर्ग

हाच प्रश्न जेनोआतल्या एका प्राध्यापकाला पडला होता. स्टानिस्लाव कानिझारो, जन्म १८२६, गाव सिसिलीतलं पालेर्मो. १८४८ च्या सिसिलीच्या उठावात तो होता. उठाव फसल्यावर त्याला देश सोडावा लागला, तेव्हा तो पॅरिसला जाऊन प्रयोगशाळेत काम करू लागला. परत येऊन आधी अलेस्सांद्रियात आणि १८५५ पासून जेनोआच्या विद्यापीठात शिकवू लागला. सेंद्रिय रसायनशास्त्रात 'कानिझारो अभिक्रिया' आपण पाठ करतो, तो हाच.

१२ मार्च १८५८ या तारखेचं एक पत्र त्याने पिसातल्या दे लुका या प्राध्यापक मित्राला लिहिलं. ते 'नुओवो चिमेंतो' या नियतकालिकात छापलं गेलं आणि पुढच्या वर्षी त्याची पुस्तिका निघाली. त्यात एखादा नवा थरारक प्रयोग नाही. मोजमापं बहुतेक दुसऱ्यांची, पूर्वीच छापलेली. आहे काय, तर आपण मुलांना हा विषय कोणत्या क्रमाने शिकवतो याचा वृत्तान्त. नावातच 'अभ्यासक्रमाचा सारांश' असं म्हटलेलं आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर लेक्चर नोट्स. सुरुवातीला मुलांना तो इतिहासच सांगतो: कोण काय म्हणालं, कोण कुठे अडलं. मग तो रेणूपासून सुरू करतो आणि अणूकडे जातो. आपल्या पुस्तकाच्या बरोब्बर उलट.

त्याची पद्धत आपण करून पाहू. आकडे मी सोयीसाठी पूर्णांकात घेते.

पहिली पायरी: ॲव्होगाड्रोचं म्हणणं तूर्त खरं धरायचं. समान मापात समान रेणू. फराळाच्या भाषेत, सारख्या मापाच्या खोलीत डब्यांची संख्या सारखी, मग डबा कोणताही असो. म्हणजे खोलीचं वजन केलं की डब्यांची वजनं एकमेकांशी ताडता येतात. हायड्रोजनच्या रेणूचं वजन २ धरलं, तर वायूंच्या घनतेवरून हायड्रोजन क्लोराइड ३६.५, वाफ १८, अमोनिया १७, मिथेन १६.

दुसरी पायरी: पृथक्करण करून प्रत्येक रेणूत हायड्रोजन किती वजनाचा ते काढायचं. हायड्रोजन क्लोराइडमध्ये १. वाफेत २. अमोनियात ३. मिथेनमध्ये ४. हायड्रोजन वायूच्या रेणूत स्वतः २.

तिसरी पायरी: आकड्यांकडे नुसतं पाहायचं. १, २, ३, ४. दीड नाही, अडीच नाही. सगळे १ च्या पूर्ण पटीत. जी राशी कधीच तुकड्यात येत नाही, नेहमी अख्खी येते, तीच अणू. हायड्रोजनचा अणुभार १, आणि हायड्रोजन वायूच्या रेणूत असे अणू दोन.

आता ऑक्सिजन. वाफेच्या १८ मध्ये १६. कार्बन मोनॉक्साइडच्या २८ मध्ये १६. कार्बन डायऑक्साइडच्या ४४ मध्ये ३२. ऑक्सिजन वायूच्या ३२ मध्ये अर्थातच ३२. सगळे १६ च्या पटीत. ऑक्सिजनचा अणुभार १६. आणि वाफेच्या रेणूत हायड्रोजन २, ऑक्सिजन १६, म्हणजे हायड्रोजनचे दोन अणू, ऑक्सिजनचा एक. एच-टू-ओ.

पाहिलंत? एका डब्यावरून जे कळत नव्हतं, ते वेगवेगळ्या प्रकारचे डबे शेजारी ठेवल्यावर कळलं. डाल्टन एकट्या पाण्याकडे पाहून पाण्याचं सूत्र शोधत होता. ते पाण्यात सापडणारच नव्हतं. ते पाणी, अमोनिया, मिथेन, हायड्रोजन क्लोराइड यांच्या कोष्टकात होतं.

कार्बनची गंमत तर अजून मोठी. कार्बनची वाफ करून घनता कोण मोजणार? या पद्धतीत ती लागतच नाही. संयुगांच्या घनता पुरतात. कार्बन मोनॉक्साइडमध्ये कार्बन १२, कार्बन डायऑक्साइडमध्ये १२, मिथेनमध्ये १२, एथिलीनमध्ये २४. अणुभार १२.

आणि ड्युमाचं कोडं? कानिझारो म्हणतो, मूलद्रव्याच्या रेणूत दोनच अणू असले पाहिजेत असं कुणी सांगितलं? पाऱ्याच्या वाफेच्या रेणूचं वजन २००. पाऱ्याच्या संयुगांत पारा येतो तो २०० च्या पटीत. म्हणजे पाऱ्याचा रेणू एकाच अणूचा. हे तपासायला त्याच्याकडे एक अगदी वेगळा साक्षीदार होता. १८१९ मध्ये दुलाँ आणि पती यांनी दाखवलं होतं की घन मूलद्रव्यांचा अणुभार गुणिले विशिष्ट उष्मा हा गुणाकार सहाच्या आसपास येतो. लोखंड: ५६ गुणिले ०.११, म्हणजे सुमारे ६.२. पारा द्रव असला तरी तोही याच रांगेत बसतो: २०० गुणिले ०.०३३, म्हणजे ६.६. पाऱ्याचा अणुभार १०० धरला तर ३.३, आणि रांग मोडते. फॉस्फरसचा रेणू चार अणूंचा, गंधकाचा वाफ होताना सहा अणूंचा आणि फार जास्त तापमानाला दोनाचा. ड्युमाचे आकडे बरोबर होते. त्यांच्या पोटात दडलेलं 'सगळे जोडच असणार' हे गृहीतक चूक होतं.

कार्ल्सरूहे: ठराव नाही, पण पुस्तिका

सप्टेंबर १८६० मध्ये, ३ ते ५ तारखेला, जर्मनीतल्या कार्ल्सरूहे गावी रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. अशा प्रकारची ही पहिलीच आंतरराष्ट्रीय परिषद. कल्पना केकुलेची, सोबत वुर्त्झ आणि वेल्त्सिन. सुमारे १४० जण आले. अणू कशाला म्हणायचं, रेणू कशाला म्हणायचं, सूत्रं कशी लिहायची, एवढाच विषय. कानिझारो तिसऱ्या दिवशी बोलला आणि ॲव्होगाड्रोची बाजू लावून धरली. पण ठराव काही झाला नाही. शास्त्रातले प्रश्न हात वर करून मतदानाने सुटत नाहीत, ज्याला जे पटेल ते त्याने लिहावं, या सुरावर परिषद संपली.

निघताना कानिझारोचा मित्र पावेझी याने त्या पुस्तिकेच्या प्रती वाटल्या. तिशीतल्या लोथार मायरने ती खिशात टाकली, वाटेत वाचली, घरी गेल्यावर पुन्हा वाचली, आणि आपल्या शंका फिटल्याचं पुढे लिहून ठेवलं. १८६४ च्या त्याच्या पुस्तकात नवे अणुभार आहेत. परिषदेला हायडेलबर्गहून आलेला २६ वर्षांचा एक रशियन रसायनशास्त्रज्ञही होता, दिमित्री मेंडेलीव्ह. १८६९ मध्ये त्याने अणुभारांच्या क्रमाने मूलद्रव्यं मांडली तेव्हा आवर्तसारणी उभी राहिली. क्रमच चुकीचा असता तर सारणी कुठून येणार?

ॲव्होगाड्रो हे पाहायला नव्हता. तो १८५६ मध्ये गेला. आपण ज्याला 'ॲव्होगाड्रो अंक' म्हणतो तो त्याला माहीतही नव्हता. ते नाव विसाव्या शतकात झाँ पेराँने दिलं.

मग 'तो नियम कशावरून?'

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. प्रामाणिक उत्तर असं आहे: ॲव्होगाड्रोचं म्हणणं आधी मानलं गेलं, सिद्ध झालं नव्हतं. पण ते मानल्यावर घनता, पृथक्करण आणि विशिष्ट उष्मा या तीन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे एकाच ठिकाणी भेटले. त्याच सुमारास क्लॉसियस आणि मॅक्सवेल यांनी वायूंचा गत्यात्मक सिद्धान्त उभा केला आणि रेणूंच्या हालचालीच्या हिशेबातूनही तेच निघालं. शेवटी १९०८ पासून पेराँने पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांवर प्रयोग करून रेणूंची संख्याच काढली, आणि उरलेल्या शंकेखोरांनीही मान्य केलं. हायड्रोजन जागा जास्त घेत असेल ही तिची शंका १८०८ सालच्या डाल्टनला शोभेल अशी होती, आणि मी ती 'नियम आहे' म्हणून उडवून लावली होती.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी यातून काय घ्यावं? मी स्वतःसाठी तीन गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. एक: वाचताना प्रत्येक आकड्यापुढे 'मोजला' की 'मानला' असं पेन्सिलीने लिहायचं. सिनॉप्सिस लिहिताना हीच खूण आपल्या स्वतःच्या वाक्यांना करून पाहा, बरीच वाक्यं 'मानला'मध्ये जातात. दोन: विसंगत आकडे आले की मोजमापावर राग काढण्याआधी त्यामागचं न लिहिलेलं गृहीतक शोधायचं. तीन: शिकवणं म्हणजे संशोधनातून वाया गेलेला वेळ असं आपल्यात बोललं जातं. मीही बोलायचे. पण अणू आणि रेणू यांतली सीमारेषा ज्या लेखनाने पक्की केली ते वर्गासाठी केलेलं होतं. मुलांपुढे उभं राहून एकामागून एक पायरी सांगायची तर मधली गाळलेली पायरी लपवता येत नाही.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात व्याख्या पुसल्या आणि कानिझारोचं कोष्टक लिहिलं. पहिला स्तंभ रेणूचं वजन, दुसरा त्यातला हायड्रोजन. अणू हा शब्द उच्चारला नाही. पाच मिनिटांत दोन-तीन जणांनी 'सगळे पूर्ण आकडे येतायत' हे स्वतः सांगितलं. मग शब्द दिला.

ती मुलगी या वेळी पुढच्या बाकावर होती. म्हणाली, "पण मॅडम, आपण जेवढे पदार्थ तपासले त्यांत सर्वांत लहान आकडा १ आला. उद्या कुणाला अर्धा सापडला तर?"

तर हायड्रोजनचा अणुभार अर्धा करावा लागेल, मी म्हटलं. ही पद्धत अणुभार याहून जास्त नाही एवढंच नक्की सांगते. म्हणूनच कानिझारोला विशिष्ट उष्म्यासारखा दुसरा साक्षीदार लागला. तो अर्धा अजून कुठल्याही रेणूत सापडलेला नाही.

तिने ते वहीत लिहून घेतलं. मी पण घरी येऊन माझ्या वहीत लिहिलं.